चिनी चेहरा वाचता येतो म्हणे!

पुण्यातल्या एका कंपनीत मी क्वालिटीला होतो तेव्हाची गोष्ट. आमचं एक अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग चीनमधल्या सप्लायरकडून यायचं ठरलं होतं. काम सुरू व्हायच्या आधी एचआरने अर्ध्या दिवसाचं ट्रेनिंग ठेवलं. विषय, चिनी लोकांशी कसं वागावं. ट्रेनर बोलके होते, मधेमधे विनोद करत होते, जेवणही बरं होतं. ते स्वतः चीनला कितीदा गेलेत हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. पहिल्याच स्लाइडवर भल्यामोठ्या अक्षरांत 93 टक्के असं लिहिलेलं. माणसांच्या संवादातला 93 टक्के भाग म्हणे शब्दांशिवाय होतो. पुढच्या स्लाइडा चीनच्या होत्या. चिनी माणूस डोळ्याला डोळा देत नाही. चिनी माणूस तोंडावर 'नाही' म्हणत नाही. हसला तर समजा अडचणीत आहे. गप्प बसला तर समजा नकार आहे. चारचौघांत चूक दाखवू नका, त्याचा 'फेस' जातो.

मी सगळं वहीत उतरवून घेतलं. अभ्यासू मुलगा.

दोन महिन्यांनी तिकडच्या क्वालिटी इंजिनिअर बाईंशी आमचा एका बोअरच्या टॉलरन्सवरून घोळ सुरू झाला. मेलामेली झाली. मग आमच्या साहेबांनी व्हिडिओ कॉल लावला. बाई खाली बघून बोलत होत्या, मधेच हसल्या, आणि शेवटी 'प्रयत्न करतो' म्हणाल्या. कॉल संपल्यावर साहेब माझ्याकडे वळले. "बघितलंस? हसली. म्हणजे ओशाळलीय. आता करतील बरोबर. जास्त ताणू नकोस, फेस जाईल तिचा." आम्ही ताणलं नाही. माल आला, निम्मे पार्ट रिजेक्ट. साहेब म्हणाले, "या लोकांचं हेच. सरळ बोलतच नाहीत."

त्या रात्री मी मेलची साखळी उघडली. बाईंचा तिसरा मेल, दुसरी ओळ. इंग्रजी मोडकंतोडकं, पण अर्थ लख्ख होता. आहे त्या फिक्स्चरवर हे जमणार नाही, नवीन फिक्स्चर लागेल, किंवा टॉलरन्स सैल करा. 'जमणार नाही' एवढं लाल अक्षरांत केलेलं. पहिल्या मेलमध्येही तेच होतं, फक्त काळ्या अक्षरांत.

म्हणजे बाई सरळच बोलल्या होत्या, तेही लेखी. आम्ही मात्र त्यांचं तोंड वाचत बसलो होतो.

तेव्हापासून 'चायनीज बॉडी लँग्वेजच्या पाच गोष्टी' छापाची रील समोर आली की माझं डोकं फिरतं. अशा रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. मागे बासरी वाजते, कागदी कंदील असतो, आणि कुणीतरी गंभीर आवाजात सांगतो की चिनी माणसाच्या मनातलं कधीच कळत नाही, पण ही बोटाची खूण ओळखलीत की कळेल. माझं म्हणणं असं की हे ज्ञान निरुपयोगी आहे, आणि त्याहून वाईट म्हणजे ते समोरच्याचे शब्द ऐकायचे टाळण्याची सोय आहे. तो सरळ बोलतच नाही असं एकदा ठरवलं की त्याने सरळ सांगितलेलंही कानाआड करता येतं. चूक झाली की ती त्याच्या संस्कृतीची, तुमची नाही.

आधी त्या 93 टक्क्यांचं बघू, ते चटकन उरकतं. आकडा अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या 1967 सालच्या दोन छोट्या अभ्यासांतून आलाय. लोकांना एकेकटे शब्द वेगवेगळ्या सुरांत ऐकवायचे, सोबत चेहऱ्याचे फोटो दाखवायचे, आणि बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखायला सांगायची, असला तो प्रयोग. सूर आणि शब्द एकमेकांविरुद्ध असतील तर माणूस कशावर विश्वास ठेवतो, एवढाच प्रश्न. हे भावना आणि आवडीनिवडीपुरतंच आहे, सगळ्या संवादाला लावू नका, असं खुद्द मेहराबियननी सांगून ठेवलंय. तरी जगभरचे ट्रेनर लावतात. टॉलरन्सचा आकडा 93 टक्के हावभावांनी कसा सांगायचा हे एकदा त्यांनी करून दाखवावं.

दुसरा आधारस्तंभ एडवर्ड हॉल. 1950 च्या दशकात अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रशिक्षण संस्थेत मुत्सद्द्यांना शिकवणारा हा मानववंशशास्त्रज्ञ. 1959 आणि 1976 सालच्या त्याच्या पुस्तकांतून ती प्रसिद्ध विभागणी आली. काही संस्कृतींत अर्थ शब्दांत असतो, काहींत आजूबाजूच्या संदर्भात. चीन-जपान दुसऱ्या खणात. हॉलचं निरीक्षण तीक्ष्ण होतं, वाचायलाही मजा येते. पण त्याने निरीक्षणं लिहिली आणि पुढच्यांनी त्यांचा तक्ता केला. तक्त्यात दीड अब्जाच्या आसपास माणसांना एक चौकोन मिळाला. सिचुआनमधल्या भाजीवालीपासून शेन्झेनच्या कोडरपर्यंत सगळे एका चौकोनात, आणि सगळे गूढ.

हे गूढपण हॉलच्याही आधीचं, बरंच जुनं आहे. 1870 साली अमेरिकेत ब्रेट हार्टची एक विनोदी कविता गाजली. त्यातला चिनी माणूस निरागस हसत पत्ते खेळतो आणि बाहीत पत्ते लपवलेले असतात. हार्टला म्हणे गोऱ्यांच्याच दांभिकपणाची टिंगल करायची होती, कारण कवितेतला गोराही लबाडी करतच असतो. वाचकांनी नेमकं उलटं उचललं. 1882 साली अमेरिकेने चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा केला, तोवर 'हसऱ्या चेहऱ्यामागे लबाडी' हे चित्र घरोघरी पोचलेलं होतं. एका ओळखीच्या हसण्याचा अर्थ कोण लावतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे तिथे स्पष्ट दिसतं.

मग आर्थर स्मिथ. हा अमेरिकी मिशनरी काही दशकं चीनमध्ये राहिला आणि चिनी स्वभाववैशिष्ट्यांवर एक पुस्तक लिहिलं. 1894 च्या आवृत्तीतलं पहिलंच प्रकरण 'फेस'वर आहे. आणखी एक प्रकरण चिनी माणसांना नसा नसतात अशा अर्थाचं. म्हणजे हे लोक तासन् तास एका जागी बसू शकतात, कुठेही, कशाही अवस्थेत झोपू शकतात, आवाजाने दचकत नाहीत. दादर स्टेशनवर दुपारी तीन वाजता चक्कर मारली असती तर स्मिथसाहेबांनी आपल्यावरही असंच एखादं प्रकरण लिहिलं असतं. दमलेला माणूस कुठेही झोपतो. त्याला संस्कृती लागत नाही.

इथे एक अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. आधुनिक चिनी साहित्याचा बाप म्हणावा असा लेखक लू शुन. त्याला स्मिथचं हे पुस्तक महत्त्वाचं वाटायचं. 1936 साली, मरणाच्या थोडंच आधी, कुणीतरी ते चिनी भाषेत आणावं आणि लोकांनी वाचून स्वतःला तपासावं असं त्याने लिहिलं. शिवाय खुद्द लू शुनच्या लेखक होण्याची गोष्टच चेहरे वाचण्याची आहे. तो जपानमध्ये सेंदाईला डॉक्टरकी शिकत होता. रशिया-जपान युद्धाचे दिवस. वर्गात स्लाइड दाखवली गेली, त्यात हेर ठरवलेल्या एका चिनी माणसाचा शिरच्छेद होणार होता आणि भोवती चिनी बघे उभे होते. धडधाकट शरीरं आणि सुन्न चेहरे. ते बघून लू शुनने ठरवलं की शरीरं बरी करून उपयोग नाही, आणि 1906 साली मेडिकल सोडलं. हे त्याने आपल्या पहिल्या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलंय.

लू शुनबद्दल मला आदर आहे. तरी या स्लाइडपाशी मी दर वेळी अडतो. परक्या सैन्याच्या बंदुका रोखलेल्या असताना, परक्याच्या कॅमेऱ्यासमोर, त्या बघ्यांनी चेहऱ्यावर काय आणायला हवं होतं? सुन्न दिसणं हाच तिथला शहाणपणा असू शकतो. लू शुन आपल्या माणसांवर रागावलेला होता, आणि घरच्या माणसाच्या रागाला अर्थ असतो. पण तीच स्लाइड जपानी वर्गमित्रांनीही पाहिली होती. त्यांनी त्या चेहऱ्यांचा कोणता अर्थ घेतला असेल?

बरं, फरक नाहीतच असं मी म्हणत नाही. आहेत, आणि गमतीचे आहेत. चिनी माणूस एका हाताने दहापर्यंत आकडे दाखवतो. अंगठा आणि करंगळी ताणली की सहा, तर्जनीचा आकडा केला की नऊ. आणि अंगठा-तर्जनीची खूण आठ म्हणावी तर चीनमध्येच काही ठिकाणी ती सात ठरते. क्वांगतुंगकडे कुणी चहा ओतला की दोन बोटं वाकवून टेबलावर टकटक करतात, म्हणजे आभार. त्यामागची आख्यायिका गोड आहे. छिएनलुंग बादशहा वेषांतर करून फिरत होता, त्याने सेवकाच्या पेल्यात चहा ओतला. सेवकाला लोटांगण तर घालायला हवं, पण घातलं तर बिंग फुटणार. मग त्याने बोटांना लोटांगण घालायला लावलं. जुन्या पद्धतीच्या नमस्कारात पुरुष डावा हात वर ठेवून मूठ जोडतो, आणि सुतकाच्या प्रसंगी हात उलटे होतात. या खुणा शिकाव्यात. दहा मिनिटांत शिकून होतात आणि समोरचा खूश होतो. पण त्या खुणा आहेत, जशा आपल्याकडे मुंडावळ्या किंवा उजव्या हाताने प्रसाद घेणं. त्यातून माणसाच्या मनात काय चाललंय ते कळत नाही.

आणि या खुणांत जे 'खास चिनी' म्हणून विकलं जातं त्यातलं किती आपल्या अंगणातलं आहे! चिनी गुरांच्या बाजारात दलाल लांब बाह्यांत हात घालून, बोटं दाबून भाव ठरवायचे. आपल्या बैलबाजारात रुमालाखाली हेच चालतं. आपण त्याला धंदा म्हणतो. त्यांनी केलं की गूढ पौर्वात्य संकेतभाषा.

'फेस'चंही तसंच. चिनीत त्याला दोन शब्द आहेत. 'लिएन' म्हणजे साधारण माणसाची नीती, लाजलज्जा, समाजाचा त्याच्यावरचा भरवसा. 'मिएन्त्झ' म्हणजे मान, वजन, कमावलेली प्रतिष्ठा. हू श्येन-चिन या चिनी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 1944 सालीच हा फरक नीट मांडून दाखवला. त्यानंतर 1955 साली अर्विंग गॉफमनने 'फेस'ची कल्पना घेतली आणि अमेरिकेतले गोरे लोकही सकाळ-संध्याकाळ हाच उद्योग करतात हे दाखवलं. ट्रेनिंगवाल्यांनी गॉफमन वाचलेला नसतो. मराठी तरी येतंच ना? नाक कापलं, तोंड काळं केलं, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, चारचौघांत मान खाली घालायला लावली. पोरीने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आठ दिवस घराबाहेर न पडणारा काका तुमच्या आमच्या ओळखीत आहे. त्याला 'फेस' समजावून सांगायला चीनचा नकाशा लागत नाही.

डोळ्याला डोळा न देणं हे तर आपल्याला आईच्या दुधाबरोबर मिळालंय. वर बघून उत्तर देतोस? मोठ्यांकडे डोळे वटारतोस? हे ऐकत वाढलेली आपण मंडळी चिनी लोकांच्या खाली झुकलेल्या नजरेत गूढ शोधतो, ही कमालच आहे. त्यात चिनी परंपरा स्वतः काय सांगते? मेन्सियस, म्हणजे कन्फ्यूशियसनंतरचा सगळ्यात मोठा नाव असलेला तत्त्वज्ञ, म्हणतो की माणूस ओळखायचा तर त्याचं बोलणं ऐका आणि त्याच्या बुबुळांत बघा, तिथे कपट लपत नाही. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहाचं अख्खं दहावं प्रकरण गुरुजी कसे चालत, कुठे वाकत, दरबारात श्वास कसा धरत यावर आहे. आणि एके ठिकाणी तो म्हणतो की आईबापांची सेवा करण्यात कठीण काय असेल तर चेहरा. कामं कुणीही करतं. आपल्या आईच्या भाषेत सांगायचं तर, पाणी आणून दिलंस रे, पण तोंड बघ कसं केलंयस.

चेहऱ्यांचं विज्ञानही थोडं आहे, तेवढंच घ्यावं. 2009 साली ग्लासगो विद्यापीठात रेचल जॅक आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. पाश्चिमात्य आणि पूर्व आशियाई मंडळींना तेच ठरावीक भाव असलेले चेहरे दाखवले आणि त्यांची नजर कुठे फिरते ते मोजलं. पाश्चिमात्यांची नजर सगळ्या चेहऱ्यावर फिरली, पूर्व आशियाईंची डोळ्यांवर जास्त रेंगाळली. परिणामी भीती आणि आश्चर्य यांत त्यांची गल्लत झाली, कारण तिथला फरक तोंडाच्या भागात होता. यावरून 'भाव ओळखणं जगभर सारखं' हा जुना समज डळमळला, हे चांगलंच. फोटो बघणं आणि समोर बसलेल्या साहेबाकडे बघणं वेगळं, तेही कबूल. पण मला त्यातली गंमत वेगळीच दिसते. डोळ्यांत न बघणारे म्हणून ज्यांची ख्याती, तेच डोळ्यांत बघत होते.

आता तुमच्या हातातल्या फोनकडे या. वीचॅटवर एक साधा स्माइली आहे. मिटलेले ओठ, किंचित खाली झुकलेली नजर. चिनी तरुणांच्या जगात तो प्रेमळ नाही. त्याचा अर्थ, कळलं, पुरे झालं, आता विषय संपव. कधी कधी सरळ 'मर तिकडे'. पण त्यांचे आईवडील, मामा-मावशा तोच स्माइली मनापासून पाठवतात. सून सासूचा मेसेज बघून हबकते, सासूच्या लेखी तिने फूल पाठवलेलं असतं. आपल्याकडे 'ओके' आणि नुसत्या 'के'मध्ये जेवढं अंतर आहे तेवढंच. म्हणजे एका चिनी घरात, एकाच सोफ्यावर, एका हसण्याचे दोन विरुद्ध अर्थ. आता सांगा, 'चिनी माणूस हसला तर' या स्लाइडचं काय करायचं? कुठला चिनी माणूस? बावीस वर्षांचा की बावन्न? आपल्याला हे तपासायचीही सोय राहिली नाही, कारण 29 जून 2020 ला भारताने जी 59 अ‍ॅप्स बंद केली त्यांत वीचॅटही होतं. रील्स मात्र भरपूर.

त्या इंजिनिअर बाईंशी पुढे माझं बरं जमलं. एकदा त्यांनी मला त्यांच्या कंपनीच्या ट्रेनिंगचं एक पान पाठवलं. भारतीयांशी कसं वागावं. भारतीय माणूस 'नाही' म्हणत नाही. मान डोलावली तर हो समजू नका, नाहीही समजू नका. वेळेचं मनावर घेऊ नका. खाली बाईंचा प्रश्न होता, हे खरं आहे का? मला हसू आलं आणि संतापही. संताप यासाठी की माझी मान मला माहीत आहे. आजीपुढे डोलते ती वेगळी, रिक्षावाल्यापुढे वेगळी, साहेबांपुढे वेगळी. तिचा एक अर्थ लावणारा हा कोण? 2017 साली डोकलामच्या वेळी शिन्हुआ या चिनी सरकारी वृत्तसंस्थेने भारताची सात पापं सांगणारा इंग्रजी व्हिडिओ काढला होता. त्यात एक नट पगडी आणि खोटी दाढी लावून भारतीय म्हणून नाचवला. आपण सगळे भडकलो, योग्यच केलं. पण 2020 मध्ये याच पुण्या-मुंबईत ईशान्य भारतातल्या मुलामुलींना रस्त्यावर 'कोरोना' म्हणून हाका मारणारे कोण होते? तेव्हाही चेहराच वाचला जात होता. वाचायला येत नसताना.

आणि शांताराम. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस 1938 साली चीनला गेले, भाषा शिकले, तिथेच लग्न केलं, 1942 साली तिथेच गेले. चीनमध्ये त्यांचे पुतळे आहेत. कोटणीसांवरच्या 1946 सालच्या चित्रपटात त्यांची चिनी पत्नी जयश्रीबाईंनी केली. तेव्हा दुसरं काही शक्य नव्हतं, हे मान्य. पण एक मराठी माणूस चिनी शिकून चिनी जखमींशी त्यांच्या शब्दांत बोलला, आणि आपल्या आठवणीत राहिली ती आपल्याच नटांनी वठवलेली चिनी माणसं, याची मला जरा चुटपुट लागते.

पण या सगळ्याहून मला राग येतो तो एका गोष्टीचा. 'चिनी माणूस अबोल असतो' हे वाक्य फक्त चुकीचं असतं तर सोडून दिलं असतं. ते कुणाच्या तरी फार सोयीचं आहे. माणसाला गप्प केलं जातं, आणि मग त्याच्या गप्प असण्याला संस्कृतीचं नाव दिलं जातं. लोटांगणच घ्या. तीन वेळा गुडघे टेकायचे, नऊ वेळा कपाळ, हा दरबाराचा हुकूम होता. 1793 साली ब्रिटिश वकील मॅकार्टनीने तो पाळायला नकार देऊन एकच गुडघा टेकला, यावर युरोपात ग्रंथ झाले, चिनी माणूस म्हणजे जमिनीवर पसरलेला गुलाम हे चित्र पक्कं झालं. 1912 साली प्रजासत्ताक आलं आणि ती पद्धत मोडीत निघाली, लोक वाकून नमस्कार करू लागले. पुढे सांस्कृतिक क्रांतीत शरीरावर दुसरा हुकूम आला. जाहीर निंदासभेत 'आरोपी'ची मान खाली दाबायची, दोन्ही हात मागे ओढून वर धरायचे. लोकांनी त्या अवस्थेला नाव ठेवलं होतं जेट विमान. याला कुणी चिनी देहबोली म्हणेल का? पण त्या सभांतून वाचलेल्या माणसाचा मुलगा पुढे मीटिंगमध्ये गप्प बसला की स्लाइडवाला लगेच कन्फ्यूशियस काढतो.

22 ऑक्टोबर 2022. बीजिंगच्या ग्रेट हॉलमध्ये पक्षाच्या विसाव्या अधिवेशनाचा समारोप. शी जिनपिंग यांच्या शेजारून माजी अध्यक्ष हू जिंताओ यांना दोघांनी उठवलं आणि बाहेर नेलं. जाताना ते शी यांच्याशी काही बोलले, ली खछियांग यांच्या खांद्यावर हात ठेवला. पहिल्या रांगेतले बहुतेक जण समोर बघत बसले. पुढचा आठवडाभर जगभरच्या देहबोलीतज्ज्ञांनी एकेक फ्रेम चिरफाडली. कुणाला त्यात अपमान दिसला, कुणाला सत्तांतर, कुणाला नुसतं म्हातारपण. शिन्हुआने सांगितलं की त्यांना बरं वाटत नव्हतं, आणि तेही ट्विटरवर, जे चीनमध्ये बंद आहे. तज्ज्ञांना मी हसत नाही. त्यांच्याकडे दुसरं होतंच काय? जिथे पत्रकार प्रश्न विचारू शकत नाही तिथे खांद्यावरचा हात हीच बातमी होते. पण ही सेन्सॉरशिपची गोष्ट आहे. तिला संस्कृतीच्या खात्यावर मांडू नका.

चेहरे वाचायची हौस राज्यालाही आहे. 2018 साली हांगचौमधल्या एका शाळेत वर्गात कॅमेरे बसवले गेले. दर 30 सेकंदांनी मुलांचे चेहरे टिपायचे आणि सॉफ्टवेअरने ठरवायचं की मूल आनंदी आहे, रागावलंय की घाबरलंय, लक्ष देतंय की नाही. पुढच्याच वर्षी लिसा फेल्डमन बॅरेट आणि सहकारी मानसशास्त्रज्ञांनी शेकडो अभ्यास चाळून सांगितलं की नुसत्या चेहऱ्यावरून भावना खात्रीने ओळखता येत नाही. पण समजा आलीच. त्या वर्गातलं पोर काय शिकणार? चेहरा ठेवायला. मग वीस वर्षांनी कुणीतरी परदेशी माणूस त्याच्याबद्दल लिहिणार, चिनी चेहऱ्यावर काही उमटत नाही.

आणि तरी बघा, तीच पोरं शरीराने काय काय बोलतात. 2016 मध्ये 'ग यो लोळणं' आलं. 1990 च्या दशकातल्या एका टीव्ही मालिकेत ग यो हा नट सोफ्यावर पार ढेपाळून पसरलेला असतो, ते चित्र तरुणांनी उचललं आणि मी पण असाच म्हणून फिरवलं. 2021 मध्ये त्यातून 'तांग पिंग', सपाट पडून राहणं, पुढे आलं. घर परवडत नाही, बारा तास राबून पुढे जाता येत नाही, तर मी धावतच नाही, आडवा होतो. एका शरीराच्या स्थितीचं तत्त्वज्ञान झालं. सरकारी वर्तमानपत्रांनी त्याला लाजिरवाणं म्हटलं, शेवटी पक्षाच्या मासिकातल्या शी यांच्या लेखातही हा शब्द आला. आडव्या पडलेल्या माणसाला सत्ता इतकी घाबरते हे मला त्यातलं सगळ्यात बोलकं वाटतं.

मग तो नोव्हेंबर. 24 तारखेला उरुमचीत इमारतीला आग लागली, सरकारी आकड्यानुसार दहा जण गेले. शहर शंभराहून जास्त दिवस लॉकडाउनमध्ये होतं, आणि लोकांना वाटलं की त्या अडथळ्यांमुळेच माणसं वाचली नाहीत. शांघायमध्ये उरुमचीच्याच नावाच्या रस्त्यावर लोक मेणबत्त्या घेऊन जमले. नानचिंगमध्ये विद्यार्थ्यांनी, बीजिंगमध्ये नदीकाठी तरुणांनी कोरे पांढरे कागद धरले. छिंगह्वा विद्यापीठात काहींनी कागदावर फ्रीडमनचं समीकरण लिहिलं, कारण उच्चार 'फ्री मॅन'च्या जवळचा. बीजिंगमध्ये लॉकडाउनविरोधी घोषणा नकोत असं सांगितल्यावर लोक ओरडू लागले, आम्हाला टेस्ट हवी, आम्हाला कोड स्कॅन करायचाय! आणि शांघायमध्ये तर काहींनी पक्षाने आणि शी यांनी पायउतार व्हावं अशा घोषणा दिल्या. मोठ्याने. रस्त्यावर. स्पष्ट चिनी भाषेत. थेट न बोलणारे लोक ते हेच. त्यातल्या किती जणांना पुढे पोलीस घेऊन गेले, ते त्यांच्या घरच्यांना विचारा.

त्याच दिवसांत चीनमध्ये एक नोटीस फिरू लागली, एम अँड जी या मोठ्या स्टेशनरी कंपनीने ए-फोर कागदाची विक्री थांबवली म्हणून. शेअर घसरला. कंपनीला जाहीर खुलासा करावा लागला की ती नोटीस बनावट आहे, उत्पादन नेहमीप्रमाणे चालू आहे, कोरे कागद मिळतील.